एक डोळा मिटून

दर गुरुवारी मी त्या शाळेत जाते. दौऱ्याच्या वहीत कारण लिहिते, 'विद्यार्थिनीचा पाठपुरावा'. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. सगळं खरं असं की, तिथल्या मुख्याध्यापकांना 'परत लिहा' म्हणताना मला जे बरं वाटतं, ते पहिला पगार हातात आला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हे सांगायची मला लाज वाटत नाही. कुणाला वाटत असेल की लाज वाटायला पाहिजे, तर त्यानं आधी पुढचं ऐकावं.

मला जन्मापासून कमी दिसतं. समोरून माणूस येतोय हे कळतं, कोण येतोय ते हाताच्या अंतरावर आल्यावर कळतं. पुस्तक नाकाला लावलं की अक्षर लागतं. फळा मात्र माझ्यासाठी नुसता काळा होता. त्यावर कुणी काही लिहितंय हे खडूच्या आवाजावरून समजायचं. आमची मेंढरं होती. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वडीगोद्रीच्या पुढच्या माळांवर ती घेऊन फिरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचा पेपर बघितलेला नव्हता, कॉलेजचं तर सोडाच.

आठवीला आम्हाला जे सर होते, त्यांच्या अक्षराची आजूबाजूच्या दहा गावांत कीर्ती. लग्नपत्रिकेवरची नावं, सत्काराची मानपत्रं, पाण्याच्या टाकीवरचा सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. खाली कोपऱ्यात वळणदार सही असायचीच. मोत्यासारखं बारीक अक्षर आहे, असं लोक म्हणायचे. मी लोकांच्या भरवशावर.

त्या वर्षी तालुक्याला शिबिर झालं. तिथल्या बाईंनी माझे डोळे तपासले आणि बोटाएवढी काळी नळी हातात दिली. एका डोळ्यानं बघायची दुर्बीण. "ही उजव्या डोळ्याला लाव, डावा मीट, आणि पुढची कडी हळूहळू फिरव," त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर धरली, कडी फिरवली. आधी सगळं पाण्यात बुडाल्यासारखं, मग एकदम समोरच्या भिंतीवर एक शेळी उभी. तिचं तोंड हलत होतं. मेंढरांत वाढलेली पोरगी मी, पण लांबच्या जनावराचं तोंड चालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"काय दिसून राह्यलं, बाई?" दादांनी विचारलं.

"शेळी रवंथ करून राह्यली."

दादा हसले. "ती तर रोजच करती."

दुसऱ्या दिवशी वर्गात दुर्बीण घेऊन बसले. उंच पोरी शेवटच्या बाकावर, असा सरांचा नियम, त्यामुळं मी शेवटच्या बाकावर. सर पाठमोरे फळ्यावर लिहीत होते. मी नळी डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला, कडी फिरवली. आणि फळ्यावर अक्षरं निघाली. खरं ते सांगते, सरांचं अक्षर सुंदर होतं. लोक खोटं बोलत नव्हते. एक ओळ मी वाचली, दुसरी अर्धी झाली, तेवढ्यात सर वळले आणि त्यांची मिशी माझ्या गोलात आली, केस न् केस दिसावा इतकी स्पष्ट.

शेजारच्या बाकावरून आवाज आला, "अगं बाई, ही सरला डोळा मारून राह्यली!"

वर्ग फुटला. सर तरातरा माझ्यापाशी आले.

"काय गं? मास्तरकडं डोळा मिटून बघती? मी काय चंद्र आहे का दुर्बीण लावायला?"

वर्ग परत हसला. ह्या वेळी परवानगीनं.

"सर, ते फळा..."

"वर तोंड करून बोलती अजून!"

दुर्बीण हातातून गेली. मला व्हरांड्यात बसवलं आणि शंभर वेळा लिहायला लावलं, 'मी सरांकडे एक डोळा मिटून बघणार नाही.' माझं लिहिणं म्हणजे नाक वहीला टेकवून. शाळा सुटेपर्यंत बोटं आखडली आणि नाकाच्या शेंड्याला शाई. पोरं मला बघून त्यावरही हसली. ते मी सोडून दिलंय, पोरंच ती.

दुसऱ्या दिवशी सरांनी दादांना बोलावून घेतलं. ते मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तसेच आले. सर म्हणाले, "मुलगी मोठी होऊन राह्यली. तिची नजर सांभाळा."

माझी नजर! जी मुळातच मला नीट मिळालेली नव्हती, ती सांभाळा म्हणाले.

दादा शिबिरात माझ्या शेजारी होते. डोळा का मिटायचा ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, सरांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, "लेकराचं चुकलं सर. पोटात घाला." दादांवर मी रागावले नाही. शाळेच्या मास्तरसमोर कसं उभं राहायचं, ते त्यांना एवढंच येत होतं. पण पायाशी आलेला तो रुमाल सरांनी खाली वाकून उचलून दिला नाही. त्यांनी पाय मागं घेतला, धूळ लागू नये तसा. हे मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं.

दुर्बीण ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेली. ढाली, पृथ्वीचा गोल, बाजाची पेटी आणि माझी दुर्बीण. बाहेर निघाली ती थेट खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा असते, तशी शाळेतही. पाटावर लेझमा, पेटी, गोल, झाकून ठेवलेला संगणक मांडला. सरांनी प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. दुर्बिणीला कुठं लावायचं? ज्याला तोंड आहे त्याच्या तोंडावर. काचेच्या बरोबर मधोमध बोट टेकवलं. मग पोरांची ओळ लागली. त्या ओळीत उभी राहून मी माझ्याच दुर्बिणीला हात जोडले. पूजा झाल्यावर ती परत कपाटात.

दहावी मी कानांनी केली. एक मैत्रीण मोठ्यानं वाचायची आणि मी पाठ करायचे. तिचे उपकार आहेत, बाकी कुणाचे नाहीत. जालन्याला कॉलेज केलं, तोपर्यंत अक्षरं मोठी करणारा आणि कानात वाचून दाखवणारा मोबाईल हातात आला. पदवी झाली. मग दिव्यांग मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेतलं. आता तालुक्यातल्या शाळांत अशा मुलांसाठी फिरते. नोकरी कंत्राटी आहे, पण गळ्यात ओळखपत्र आहे आणि पर्समध्ये स्वतःची दुर्बीण.

ह्या वर्षी माझी ती शाळा माझ्या यादीत आली. सातवीत एक मुलगी, माझ्यासारखीच कमी दिसणारी, दुर्बीण मिळालेली. दसरा होऊन चार दिवस झाले होते. शाळेत जायच्या आधी मी तिच्या घरी गेले. तिची आई कोयत्याला धार लावत बसली होती. दिवाळी झाली की त्यांची उसाची टोळी हालणार होती.

"हिला संगं नेते ह्या साली," आई म्हणाली.

"अहो ताई, सातवीत आहे ती."

"सातवीत बसून काय करती? फळ्यावरचं दिसत न्हाई, वही कोरी. मोळ्या बांधू लागंल तरी. मला एकदा दिसू द्या, ही बाकावरून वाचून राह्यली. मंग ठेवते तिच्या मावशीकडं."

मुलगी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तिला मी विचारलं, "दुर्बीण लावती ना गं वर्गात?"

"कपाटात हाय ती," मुलगी म्हणाली.

मी तशीच उठले आणि शाळेत गेले.

ऑफिसात शिरले तर मुख्याध्यापक म्हणजे आठवीचे तेच सर. चेहरा मला लागला नाही, आवाज लागला. त्यांनी मला ओळखलं नाही. "या मॅडम, या. बसा. चहा घेणार ना?" मी दुर्बिणीचं विचारलं.

"एकदम सुरक्षित! बिलकुल नवी. पोरांच्या हातात दिली की सत्यानाश, मॅडम. आम्ही फक्त पूजेला काढतो."

कपाट तेच, चावी त्यांच्या खिशात. त्यांनी टेबलावर एकाऐवजी दोन नळ्या ठेवल्या. दोन्हींवर हळद-कुंकू. एकीवर ताजं, दुसरीवर वर्षावर वर्षं थापलेलं, खपली धरलेलं.

"ही जुनी कुणाची, सर?"

"होती एक. मेंढरंवाल्याची पोरगी. जरा वाह्यात होती."

"मीच ती."

शिपाईमामांनी चहा आणून ठेवला आणि ते गेले. मी पर्समधून माझी दुर्बीण काढली, डावा डोळा मिटला आणि टेबलापलीकडून त्यांच्या तोंडाकडं निवांत बघितलं. मिशी पांढरी झाली होती. वरच्या ओठावर घाम. मी कडी फिरवून तो घाम जरा आणखी स्पष्ट करून घेतला.

"चला सर, वर्गात जाऊ," मी म्हणाले. "साहित्य वापरून दाखवायचं असतं. मुख्याध्यापकांनी."

"तसा नियम आहे?"

"आहे."

तसा काही नियम नव्हता.

सातवीच्या वर्गात मी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं, त्या मुलीच्या शेजारी, आणि तिची दुर्बीण त्यांच्या हातात दिली. फळ्यावर मी एक ओळ लिहिली. सरांनी नळी लावली आणि दोन्ही डोळे मिटले.

"दोन्ही न्हाई सर. एकच."

त्यांनी खटाटोप करून एक मिटला. गाल वर गेला, तोंड वाकडं झालं. मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सरनी मॅडमला डोळा मारला!"

मी वर्गाला गप्प केलं नाही. पुरतं हसू दिलं. आठवीच्या त्या वर्गाइतकं झाल्यावर विचारलं, "काय दिसतंय, सर?"

"पिवळं दिसून राह्यलं नुसतं."

मी दुर्बीण घेऊन पुसली, उजेडाकडं धरली. शिंपडलेलं पाणी आत शिरलं होतं. काच आतून धुरकटलेली, वरून हळदीच्या खरवडीनं ओरखडलेली. मुलीला लावून बघितलं. "काईच न्हाई," ती म्हणाली. तिला दुर्बीण मिळाली त्या दिवसापासून तिनं ती एकदाही डोळ्याला लावली नव्हती, आणि आता लावूनही उपयोग नव्हता.

परत ऑफिसात आले. शेरेबही मागितली. भेटीला येणाऱ्यानं आपलं मत लिहायचं ते पुस्तक. वर्षानुवर्षं शाळेत राहतं, येणारा प्रत्येक साहेब चाळतो. माझं वाक्य कधीचंच तयार होतं. लिहायच्या आधी एक गोष्ट विचारावी म्हणून तालुक्याच्या ऑफिसातल्या जुन्या बाबूंना फोन लावला.

"मॅडम, 'शाळेनं खराब केली' असं लिहाल तर चौकशी लागती," ते म्हणाले. "ती निपटेपर्यंत त्या पोरीच्या नावावर दुसरी निघत न्हाई. वर्ष जाईल, दोन जातील. 'वापरायोग्य नाही' एवढंच लिहा. पुढच्या शिबिराला नवी येती बराबर."

"आणि ज्यानं खराब केली त्याचं काय?"

"तुम्हाला त्याचं पाहिजे का पोरीचं पाहिजे?"

मला दोन्ही पाहिजे होतं. मी फोन ठेवला. सर पेनाच्या टोकाकडं बघत असावेत, त्यांचा श्वास ऐकू येत होता. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते त्यांचे. 'दुर्बीण वापरायोग्य नाही' हे तीन शब्द मी लिहिले, दात एकमेकांवर रोवून. पान अर्धं मोकळं सोडलं.

"उपकार झाले, मॅडम," सर म्हणाले.

तो शब्द त्यांनी काढायला नको होता.

"उपकार न्हाईत, सर. नवी येईपर्यंत त्या मुलीचे धडे तुम्ही लिहून द्यायचे. चित्रकलेच्या कागदावर, जाड काळ्या मार्करनं. बोटाएवढं अक्षर, एका ओळीत चार शब्द. ते फळ्यावर टाचायचे, ती पहिल्या बाकावरून वाचेल. मोठ्या अक्षरांची पुस्तकं ह्या साली तिच्या वर्गाची आलेली न्हाईत."

"लिहून घेतो कुणाकडून तरी."

"तुमच्याच हातानं. तुमचं अक्षर चांगलं आहे. मी एकदा बघितलंय. दीड ओळ."

त्यांनी हळूच विचारलं, "आणि न्हाई जमलं तर?"

"तर हे पान अर्धं मोकळंच आहे."

पहिल्या गुरुवारी त्यांनी चार कागद आणले. मार्कर जाड होता, पण अक्षर सवयीनं बारीकच, वेलांट्यांना झोकदार शेपट्या. मुलीला वाचायला लावलं. जिथं अडली तिथं मी लाल गोल केला. कागद लालेलाल झाले.

"परत लिहा."

दुसऱ्या गुरुवारी म्हणाले, "मॅडम, असं ठोकळ्यासारखं काढताना बोटं वळत न्हाईत. कुणी बघितलं तर म्हणेल, हे काय सरांचं अक्षर?"

"लोकांसाठी न्हाईच ते. ही उकाराची रेघ खालच्या ओळीत घुसली. परत लिहा."

"बोटं दुखून राह्यली."

"दुखतात. शंभरच्या पुढं जरा जास्तच."

त्यांनी मान खाली घातली. एक गोष्ट मला दिसली. टाकीवरच्या सुविचारावरही सही ठोकणारा हा माणूस ह्या कागदांवर सही करत नव्हता. मी तेव्हा बोलले नाही, पण विसरलेही नाही.

नाकारलेले कागद मी घरी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवत होते. दादांनी एक दिवस पेटी उघडलेली बघितली. ते वाचत नाहीत, पण काळे ठोकळे आणि लाल गोल त्यांना दिसले. कुणाचे म्हणून विचारलं, मी सांगितलं.

"कशाला छळून राह्यली, बाई? म्हातारा झाला तो."

"तुमचा रुमाल आठवतो, दादा?"

"तो मी तवाच उचलून बांधला डोक्याला. तू आजून तिथंच ठिवलाय व्हय?"

"ठिवलाय."

दादा उठून बाहेर गेले. त्यांचं बरोबर असेल. पण मी गुरुवार चुकवला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलीची आई शाळेत आली. कागद फळ्यावर टाचलेला. मुलगी पहिल्या बाकावर उभी राहिली आणि वाचायला लागली. एका शब्दाला थांबली, मान पुढं काढली, परत लागली. पान पूर्ण केलं. आईला स्वतःला वाचता येत नाही, म्हणून तिनं वर्गाकडं वळून विचारलं, "बराबर वाचून राह्यली का ही? का पाठ केलं?"

"बराबर!" सगळा वर्ग ओरडला. एक आगाऊ पोरगी उठून म्हणाली, "मावशी, दुसरं पान लावून बघा वाटलं तर." दुसरं लावलं. तेही वाचलं.

"मंग राहू दे," आई म्हणाली. दारात उभ्या सरांपुढं तिनं हात जोडले. "सर, लई उपकार झाले तुमचे."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण सरांनी 'आमचं कामच आहे ते' वगैरे काही म्हटलं नाही. गप्प राहिले. गप्प राहिले म्हणून त्या दिवशी मी त्यांना एकच पान परत केलं.

थंडीत शिबिर झालं, नवी दुर्बीण आली. ती मी कपाटाच्या वाऱ्यालाही उभी केली नाही, मुलीच्या दप्तराला दोरीनं बांधली. पुढच्या गुरुवारी सरांनी मार्कर टेबलावर ठेवला.

"झालं ना आता, मॅडम? मी सुटलो?"

"एक वाक्य राहिलं. फळ्याशेजारी भिंतीवर लावायचं."

"सांगा."

मी सांगितलं, 'वर्गात दुर्बिणीतून बघताना एक डोळा मिटावा लागतो.'

मार्करचं टोपण उघडता उघडता ते थांबले. ते वाक्य कुठल्या वाक्याला उत्तर आहे, ते त्यांना कळलं होतं. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "शंभर वेळा?"

"एकदाच. पण मला शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे. आणि खाली तुमची सही. टाकीवर करता तशी."

त्यांनी लिहिलं. शिपाईमामांनी स्टूल धरलं आणि सरांनी स्वतः चढून कागद चिकटवला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, माझ्या जुन्या जागेवर. ती मुलगी शेजारी येऊन बसली. तिनं तिची दुर्बीण लावली, मी माझी. दोघींनी एकेक डोळा मिटला. सर भिंतीपाशी आमच्याकडं तोंड करून उभे होते. वर्गात कुणी हसलं नाही.

अक्षर चांगलं आलं होतं. काळंभोर, सुटं, एकाही वेलांटीला शेपूट नाही. मुलीनं सगळं वाक्य न अडता वाचलं. मी कडी फिरवत फिरवत खाली कोपऱ्यात आले. सही होती, पण मुंगीएवढी, कडेला सरकवलेली.

"सर," मी बसल्या जागेवरून म्हणाले, "सही दिसत न्हाई."

"मॅडम, आता..."

"परत लिहा."